जुनी वनपाहणी आणि नवा नकाशा : कॅलिफोर्नियातील वीसलँडर-संग्रहाचे परीक्षण

१

एखादा जुना दप्तरसंग्रह आंतरजालावर नकाशाच्या रूपाने खुला झाला, की अभ्यासकाला दोन प्रकारचा आनंद होतो. जे पाहण्यासाठी पूर्वी दूरच्या ग्रंथालयात जाऊन बसावे लागे ते आपल्या मेजावर दिसू लागते, हा पहिला. आणि जे चार ठिकाणी विखुरलेले होते ते एकत्र आलेले दिसते, हा दुसरा. हे दोन्ही आनंद रास्त आहेत. परंतु त्यांच्या पाठोपाठ निश्चितीची एक भावनाही नकळत मनात शिरते. कागदावरचे विधान वाचताना आपण त्याचा कर्ता कोण, त्याचा हेतू कोणता, मोजणी कोणत्या पद्धतीने झाली, हे प्रश्न विचारतो. तेच विधान पडद्यावर ठिपक्याच्या रूपाने उमटले की हे प्रश्न मागे पडतात. जणू तो ठिपका कोणी लिहिलेला नसून जमिनीतूनच उगवला आहे. प्रस्तुत लेखात या निश्चितीचे परीक्षण करावयाचे आहे. त्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या एका प्रसिद्ध वनस्पती-पाहणीचे उदाहरण घेतले आहे. कारण या पाहणीचे नकाशारूप जितके उपकारक ठरले, तितकाच तिच्या वापरासंबंधीचा वादही बोधप्रद ठरला.

२

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या वनखात्याने अल्बर्ट वीसलँडर यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील वनस्पतींच्या प्रकारांची पाहणी हाती घेतली. दुसऱ्या महायुद्धाने तिला विराम दिला. तोपर्यंत वाळवंटे आणि मोठे शेतीप्रदेश वगळता राज्याचा फार मोठा भाग पाहणाऱ्यांच्या नजरेखालून गेला होता. या श्रमाचे फळ म्हणजे सुमारे १८,००० नमुना-क्षेत्रांची टिपणे, ३,००० हून अधिक छायाचित्रे, हाताने रंगविलेले सुमारे ३५० वनस्पती-नकाशे आणि वनस्पतिसंग्रहात जपून ठेवलेले हजारो वाळविलेले नमुने. वीसलँडर आणि जेन्सन यांनी १९४६ मध्ये राज्याची वनक्षेत्रे, लाकडाचा साठा व वनस्पती-प्रकार यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला; परंतु मूळ सामग्रीचा मोठा भाग दप्तरातच राहिला.

पाहणीची पद्धत थोडक्यात समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. पाहणी करणारा मनुष्य डोंगराच्या धारेवर किंवा शिखरावर उभा राही आणि समोरच्या उतारांवर दिसणाऱ्या वनस्पतिसमूहांच्या सीमा स्थलदर्शक नकाशावर रेखाटी. आच्छादनाचा निदान पाचवा हिस्सा व्यापणाऱ्या जातींची नोंद त्या आकृतीत केली जाई. आणि साधारणपणे ४० एकरांहून लहान तुकडा वेगळा दाखविला जात नसे. याच्या जोडीला जमिनीवर उतरून नमुना-क्षेत्रे मोजली जात. वृक्षांच्या रानात हे क्षेत्र सुमारे ८०० चौरस मीटरांचे, म्हणजे सर्वेक्षणाच्या साखळीच्या मापात एक साखळी रुंद व दोन साखळ्या लांब असे. झुडपी रानात त्याच्या निम्मे. त्यातील वृक्षांची छातीच्या उंचीवरील व्यासाप्रमाणे चार गटांत मोजणी होई : ४ ते ११ इंच, १२ ते २३ इंच, २४ ते ३५ इंच आणि ३६ इंच व त्याहून अधिक. सोबत समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराची दिशा व तीव्रता आणि मातीचे स्वरूप यांचीही नोंद केली जाई. अखेरीस त्या क्षेत्राचा क्रमांक नकाशावर शाईने मांडला जाई.

हे सर्व ध्यानी घेतले म्हणजे या पाहणीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. मोटारीचे रस्ते जेथे संपत तेथून पुढे पायी चालत, हजारो ठिकाणी झाडे मोजणाऱ्या या माणसांनी पुढील पिढ्यांसाठी जो ठेवा निर्माण केला, त्याला तोडीचे उदाहरण फार थोडे सापडेल.

३

हा ठेवा संगणकयुगात आणण्याचे कार्य बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले. मॅगी केली, बार्बारा ॲलन-डियाझ आणि नॉर्मा कोब्झिना यांनी या अंकीकरणाचा वृत्तांत २००५ मध्ये ‘माद्रोन्यो’ या वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात दिला. टिपणांचे कागद, नमुना-क्षेत्रांच्या खुणा असलेले नकाशे आणि छायाचित्रे यांची सांगड घालून ती आंतरजालावर नकाशारूपाने मांडण्यात आली. एकेकाळी एका ठिकाणी छायाचित्रे, दुसऱ्या ठिकाणी नकाशे आणि तिसऱ्या ठिकाणी वाळविलेले नमुने, अशी या पाहणीची अवस्था होती. नकाशारूपाने ती पुन्हा एक पाहणी झाली.

अशा साधनाचा खरा गुण केवळ सोयीत पाहू नये. त्याचा गुण असा, की कागदी दप्तरात जो प्रश्न विचारताच येत नव्हता तो विचारण्याची शक्ती ते देते. टिपणांच्या गठ्ठ्यात एका जातीचे नाव शोधावयाचे तर हजारो पाने उलटावी लागत, आणि त्या जातीची पसरण मनातल्या मनात चितारावी लागे. नकाशावर पाँडेरोसा पाइन निवडला, की त्याची त्या काळची खालची सीमा सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी कोठून जात होती याची रूपरेखा क्षणात डोळ्यांसमोर उभी राहते. झुडपी ओक व चॅमिस यांच्या चिवट पानांच्या सदाहरित झुडपांचे जे दाट रान ‘चॅपरल’ या नावाने ओळखले जाते, ते कोणत्या उतारांवर होते आणि कोठे ते संपून वृक्षांचे रान सुरू होई, हेही तसेच दिसते. छायाचित्रे त्या ठिपक्यांशेजारी ठेवली की आकड्यांना देह प्राप्त होतो. संशोधनाचा पहिला टप्पा म्हणजे प्रश्न सुचणे. त्या टप्प्यावर असे साधन अमूल्य आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

अडचण दुसऱ्या टप्प्यावर उद्भवते. सुचलेल्या प्रश्नाचे उत्तरही तोच नकाशा देईल, असे आपण धरून चालतो.

४

प्रथम ठिपक्याच्या स्थानाचा विचार करू. हे साधे अंकगणित आहे. पण ते विद्यार्थ्यांनी एकदा तरी स्वतः करून पाहावे. आधाराचे स्थलदर्शक नकाशे पुष्कळदा १:६२,५०० या प्रमाणाचे, तर काही १:१,२५,००० या प्रमाणाचे होते. पहिल्या प्रमाणात नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील साडेबासष्ट मीटर. दुसऱ्यात १२५ मीटर. सुमारे २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब असे नमुना-क्षेत्र पहिल्या नकाशावर जेमतेम ०.३२ मिलिमीटर रुंद व ०.६४ मिलिमीटर लांब भरते. शाईची खूण याहून सहज मोठी असते. अर्थात ज्या क्षेत्राचे स्थान ती खूण सांगते, त्या क्षेत्राला ती खूणच गिळून टाकते. खूण दोन मिलिमीटरांची धरली, तर तिच्याखाली जमिनीवरचे १२५ मीटर झाकले जातात. दुसऱ्या प्रमाणाच्या नकाशावर २५० मीटर.

यात आणखी दोषांची भर पडते. डोंगराळ मुलखात उभ्या असलेल्या माणसाने आपले स्थान नकाशावर अंदाजाने ठरविले होते. आधाराचे नकाशे स्वतःच जुन्या मोजणीचे होते. आणि त्यांचा भूगणितीय आधार आजच्याहून वेगळा होता. १९२७ चा उत्तर अमेरिकी आधार आणि आजचा आधार यांतील फरकच कॅलिफोर्नियात शंभर मीटरच्या आसपास जातो. तो गणिताने दूर करता येतो, परंतु त्यासाठी मूळ पत्रक कोणत्या आधारावर काढले हे ठाऊक असावे लागते. त्यावर कागदाचे आकुंचन आणि प्रतिमा ताणून जुळविताना येणारी विकृती आहेच. शिवाय नमुना-क्षेत्रांच्या जागी जमिनीवर कायमची खूण ठेवलेली नव्हती. म्हणून आज तेथे जाऊन ‘हीच ती जागा’ असे निःशंकपणे म्हणता येत नाही.

कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत शंभर-दोनशे मीटरांचा फरक किरकोळ नव्हे. धारेच्या दक्षिणेकडील तापलेल्या उतारावर चॅपरल आणि पलीकडच्या उत्तर उतारावर ओकाचे किंवा सूचिपर्णी वृक्षांचे रान, असे चित्र तेथे नेहमीचे आहे. ठिपका धारेच्या या बाजूचा त्या बाजूला सरकला, तर ‘येथील वृक्ष नाहीसे होऊन झुडपे आली’ असा निष्कर्ष एका पावलात निघेल. आणि प्रत्यक्षात तेथे काहीच बदललेले नसेल. पडद्यावर मात्र हा सारा संशय अदृश्य असतो. अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत दिले की वाचकाला सुमारे एका मीटरची अचूकता सांगितल्यासारखे होते. आणि खाली आजचे उपग्रहचित्र असले की तो ठिपका एखाद्या विशिष्ट झाडाच्या शेंड्यावर उभा राहिलेला दिसतो. मूळ खुणेला जी अचूकता कधीच नव्हती ती पडद्याने तिला बहाल केली, असे म्हणावयास हरकत नाही.

५

स्थानाचा दोष मोजता येतो, म्हणून तो तुलनेने सौम्य म्हणावा. अधिक गंभीर प्रश्न टिपणांच्या स्वरूपाचे आहेत.

त्यातील पहिला निवडीचा. नमुना-क्षेत्राची जागा सोडत काढून ठरविलेली नव्हती. वनस्पतिसमूहाचे प्रातिनिधिक रूप जेथे दिसेल ती जागा पाहणाऱ्याने आपल्या विवेकाने निवडली होती. ‘प्रातिनिधिक’ या शब्दात मोठी अडचण दडलेली आहे. तोडीनंतर विस्कटलेले, अर्धवट जळलेले, दोन प्रकारांच्या सीमेवर घोटाळणारे रान कोणाला प्रातिनिधिक वाटेल? भरघोस, पूर्ण वाढलेल्या रानाकडे पाय वळणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. ठिपक्यांच्या दाटीवरून रानाच्या दाटीचे अनुमान करताना हे विसरता येत नाही.

दुसरा प्रश्न वर्गांचा. चार व्यास-गटांच्या सीमा १२, २४ व ३६ इंच या होत्या. आजच्या संशोधनप्रबंधांत ‘लहान झाडे ३० सेंटिमीटरांखालील, मोठी झाडे ६१ सेंटिमीटरांवरील’ असे विभाजन आढळते, तेव्हा वाचकाला हे आकडे निसर्गातून आले आहेत असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ते १२ आणि २४ इंच आहेत. ते त्या जुन्या छापील तक्त्याचे आकडे आहेत. जुन्या पाहणीशी तुलना करावयाची तर तिचीच चौकट स्वीकारणे भाग पडते, यात गैर काही नाही. परंतु एकदा चौकट स्वीकारली की तिच्या आतील हालचाल दिसत नाही : २५ इंचांचे झाड ३४ इंचांचे झाले तरी तक्त्याच्या दृष्टीने ते तेथेच उभे आहे. चार इंचांखालील रोपे तर या व्यास-गटांत येतच नाहीत.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘ऐतिहासिक’ हे विशेषण लागले की १९३० च्या सुमाराचे रान हे मूळचे, अस्पर्शित रान असा समज होतो. कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोने सापडले आणि त्यानंतरच्या काही दशकांत खाणी, लाकूडतोड आणि गुरे-मेंढ्यांची चराई यांनी डोंगर ढवळून निघाले. तेथील मूळ रहिवासी जमाती शतकानुशतके रानाला ठरवून आग लावीत आणि त्यायोगे ते मोकळे ठेवीत. ती प्रथा बळाने मोडण्यात आली. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या वनखात्याने आग विझविणे हे आपले ब्रीद मानले, आणि १९३५ मध्ये तर दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणावी असे धोरण ठरविले. म्हणजे पाहणी करणारे खाते आणि रानाचे रूप पालटणारे खाते एकच होते. त्यातच १९२९ ते १९३४ ही वर्षे त्या राज्यात तीव्र अवर्षणाची होती. अशा काळी टिपलेले रान हे आरंभबिंदू नसून वाटेवरचा एक मुक्काम आहे. नकाशाच्या पडद्यावर ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशा दोनच बाजू असतात. ‘तेव्हा’च्याही मागे एक ‘त्यापूर्वी’ होते, हे तेथे दाखविण्याची सोय नसते.

६

या सर्व आक्षेपांमुळे संग्रह निरुपयोगी ठरतो काय? असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. जॉन कीली यांनी २००४ मध्ये ‘माद्रोन्यो’तच ही टिपणे सोन्याची खाण आहे की सुरुंग, असा प्रश्न शीर्षकातच उपस्थित केला. त्यांचा रोख संग्रहावर नव्हता. जागा नक्की न करता जुन्या व नव्या मोजणीची ठिपक्याशी ठिपका तुलना करण्यावर होता. अपेक्षित उत्तरही या भेदातच आहे. कोणत्या प्रमाणावर प्रश्न विचारला यावर खाण की सुरुंग हे ठरते.

याची दोन उदाहरणे घेण्यासारखी आहेत. रिचर्ड मिनिच आणि त्यांचे सहकारी यांनी सॅन बर्नार्डिनो पर्वतातील सूचिपर्णी रानांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी नकाशावरील खुणेवर विसंबून न राहता जुन्या टिपणांचा आधार घेऊन प्रत्यक्ष डोंगरात जाऊन क्षेत्रे पुन्हा शोधली आणि साठ वर्षांतील बदल मोजला. येथे पायपिटीने खुणेची उणीव भरून काढली. याउलट पॅट्रिक मॅकिंटायर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये संपूर्ण राज्याच्या पातळीवर १९३० च्या दशकातील टिपणे आणि २००० नंतरची वनगणना यांची तुलना केली. ती ठिपक्याशी ठिपका नव्हती. प्रदेशाशी प्रदेश होती. वनप्रदेशांत वृक्षांची दाटी ३० टक्क्यांनी वाढली, बुंध्यांच्या आडव्या छेदाचे एकूण क्षेत्रफळ मात्र १९ टक्क्यांनी घटले, म्हणजेच मोठी झाडे कमी होऊन लहान झाडे वाढली. आणि पाइनच्या तुलनेने ओकांचे प्राबल्य वाढले, असे त्यांना आढळले. मोठ्या झाडांची घट, जेथे पाण्याची तूट अधिक वाढली तेथे अधिक तीव्र होती. हजारो ठिपके एकत्र घेतले म्हणजे कोणत्याही बाजूला सरकण्याच्या चुका बऱ्याच अंशी परस्परांना छेद देतात. म्हणून या प्रमाणावर स्थानदोष फारसा बाधक होत नाही. निवडीचा दोष मात्र या युक्तीने जात नाही, कारण तो एकाच दिशेने ओढणारा असू शकतो. बेरीज कितीही मोठी केली तरी एकाच बाजूला कललेला काटा सरळ होत नाही. म्हणूनच मोठ्या झाडांच्या घटीचा आकडा वाचताना, जुन्या पाहणाऱ्यांचे पाय मोठ्या झाडांकडे किती वळले असतील, हा प्रश्न मनात जागा ठेवला पाहिजे.

तुलनेच्या दुसऱ्या पारड्यातही काही वैगुण्ये आहेत, हे सहसा ध्यानी येत नाही. आजच्या राष्ट्रीय वनगणनेचे नमुना-क्षेत्र चार लहान वर्तुळांचे मिळून सुमारे ६७० चौरस मीटरांचे असते, जुन्यासारखे सलग आयताकृती नसते. शिवाय खासगी जमीनमालकांची गुप्तता राखण्यासाठी या गणनेची जी स्थाने जनतेसाठी प्रसिद्ध होतात, ती मुद्दाम थोडी हलविलेली असतात. बहुतेक अर्ध्या मैलाच्या आत, काही एका मैलापर्यंत. जुना ठिपका शाईमुळे अस्पष्ट आणि नवा ठिपका कायद्यामुळे अस्पष्ट, असे हे चित्र आहे. तरीही पडद्यावर दोन्ही ठिपके सारखेच रेखीव दिसतात!

७

या चर्चेत एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘कॅम्प’ या नावाने ओळखल्या गेलेल्या वणव्याने पॅराडाइज हे गाव बेचिराख केले आणि ८५ माणसांचा बळी घेतला. २०२० च्या एका वर्षात त्या राज्यात ४० लाख एकरांहून अधिक भूमी जळाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यशासन आणि केंद्रीय वनखाते यांनी २०२५ पर्यंत दरवर्षी १० लाख एकर रानावर विरळणी, नियंत्रित आग इत्यादी उपाय करण्याचे उद्दिष्ट करारान्वये मान्य केले. विरळणी करावयाची म्हणजे किती? कोणती झाडे ठेवावयाची आणि कोणती काढावयाची? या प्रश्नांची उत्तरे ‘पूर्वी रान कसे होते’ या विधानातून निघतात, आणि ते विधान ज्या थोड्या आधारांवर उभे आहे त्यांपैकी वीसलँडर-संग्रह हा एक प्रमुख आधार आहे. येथे ठिपका चुकीचा वाचला गेला, तर चूक प्रबंधाच्या पानात राहत नाही. ती करवतीच्या पात्यापर्यंत पोहोचते. १९३० चे रान हेच आदर्श मानले, तर त्या काळच्या अवर्षणाची, तोडीची आणि मोडलेल्या अग्निप्रथेची छायाही आपण आदर्शात समाविष्ट करू.

म्हणून अशा नकाशा-साधनाकडून काही मागण्या करणे अवाजवी होणार नाही. पहिली, ठिपक्याऐवजी अनिश्चिततेचे वर्तुळ दाखवावे; मूळ पत्रकाच्या प्रमाणावरून त्याची निदान किमान त्रिज्या ठरविता येते. दुसरी, एका विशिष्ट मर्यादेपलीकडे चित्र मोठे करताच वाचकाला सूचना मिळावी, की मूळ नकाशाची शक्ती येथे संपली. तिसरी, ठिपक्याबरोबर मूळ टिपणाच्या कागदाची प्रतिमाही सहज उघडावी. या तिसऱ्या मागणीचे महत्त्व विशेष आहे. टिपणात समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उताराची दिशा लिहिलेली असते. आजच्या उंचीदर्शक सामग्रीत ठिपक्याच्या जागी काय उंची व कोणती दिशा निघते, हे तिच्याशी ताडून पाहता येते. टिपण उत्तर उतार सांगते आणि ठिपका दक्षिण उतारावर पडतो, तर ठिपका खोटा बोलतो आहे हे उघड होते. कागदाने ठिपक्याची उलटतपासणी करावी, ठिपक्याने कागदाला निवृत्त करू नये.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका नाही. भारतीय सर्वेक्षण खात्याची जुनी एक इंच-एक मैल पत्रके १:६३,३६० या प्रमाणाची होती, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या त्या पत्रकांच्या जवळजवळ बरोबरीची. त्यांचाही भूगणितीय आधार आजच्याहून निराळा आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने ज्याँ-पिएर पास्काल यांच्या नेतृत्वाखाली तयार केलेले दक्षिण भारतातील वनांचे नकाशे १:२,५०,००० या प्रमाणाचे असून त्यांवरील एक मिलिमीटर म्हणजे अडीचशे मीटर होतात. हे नकाशे संगणकात घेऊन त्यांवर एखाद्या देवराईची सीमा किंवा एखाद्या गावाचे रान तपासणारा विद्यार्थी त्याच सापळ्याच्या तोंडाशी उभा असतो. त्याने प्रथम पत्रकाचे प्रमाण पाहावे, खुणेची जाडी जमिनीच्या मीटरांत मांडावी, नकाशा कोणी व कशासाठी केला हे विचारावे, आणि मगच आपला प्रश्न त्या प्रमाणाला झेपतो की नाही हे ठरवावे.

साहित्याच्या अभ्यासात जुनी पोथी छापली गेली म्हणून तिची पाठचिकित्सा संपत नाही. उलट छापील प्रतीमुळे ती अधिक निकडीची होते. वनस्पती-पाहणीच्या नकाशारूपाविषयीही असेच म्हणता येईल. वीसलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रान वाचून कागदावर लिहिले. बर्कलीच्या मंडळींनी तो कागद सर्वांच्या हाती दिला. त्यातील प्रत्येक ठिपका हे एका माणसाने, एका दिवशी, एका खात्याच्या कामासाठी केलेले विधान आहे, हे ओळखून त्याचे वाचन करणे, ही या दोन्ही श्रमांनंतर उरलेली आणि आपल्या वाट्याला आलेली जबाबदारी होय.